पेनड्राइव्हवरचं लिनक्स रखडतं तेव्हा

नौपाड्यातल्या आमच्या दुकानात डिस्क गेलेला लॅपटॉप आला की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "ताई, तोवर पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून द्या ना." लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम. देते. आणि मग फोनही ठरलेला: माउस हलतो, पण मेनू उघडतच नाही, पेनड्राइव्हचा दिवा नुसता लुकलुकतोय.

पाकिटावरच्या सेकंदाला '१५० एमबी'ला भुलू नका. तो वेग एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा. सिस्टीमचं काम किरकोळीचं: लॉग (सिस्टीमच्या नोंदी), ब्राउझरची कॅश (पानांच्या साठवलेल्या प्रती), सेटिंग्ज, सगळं चार-चार केबीच्या तुकड्यांत, विखुरलेलं. फ्लॅशमध्ये, म्हणजे पेनड्राइव्ह आणि एसएसडीतल्या मेमरी चिपमध्ये, लिहिलेल्यावर थेट परत लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. एसएसडीचा (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कचा) कंट्रोलर, म्हणजे चिपचा कारभार बघणारा भाग, रिकामे ब्लॉक आधीच तयार ठेवून हे निभावतो. पेनड्राइव्हचा बिचारा फोटो नि सिनेमे नेण्यापुरता. शिवाय बहुतेक पेनड्राइव्ह एका वेळी एकच हुकूम घेतात, त्यामुळे लिहिणं अडकलं की वाचणंही खोळंबतं. मेनू अडतो तो इथे.

आधी पोर्ट तपासा. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी', स्पेस, डॅश, टी. पेनड्राइव्हच्या ओळीत '४८०एम' दिसलं तर जोडणी यूएसबी २.० ची, सेकंदाला साधारण ३०-३५ एमबीच्या वर जाणार नाही. पोर्ट बदलून '५०००एम' येतंय का बघा. सगळ्याच कंपन्या ३.० चा पोर्ट निळा देत नाहीत, तेव्हा रंगावर जाऊ नका.

मग लिहिणं कमी करा. फायरफॉक्सची डिस्क कॅश बंद करून फक्त रॅममधली ठेवा; माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. पेनड्राइव्हवर स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) नकोच, त्याऐवजी झेडरॅम लावा, म्हणजे तोच मजकूर दाबून रॅममध्येच राहतो. फाइल वाचल्याची वेळ नोंदवू नको असं सांगणाऱ्या 'नोएटाइम' पर्यायाचा गवगवा फार, फायदा बेताचा.

रॅम भरपूर असेल तर लाइव्ह सिस्टीम (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी) 'टूरॅम' पर्यायाने सुरू करा, म्हणजे ती आधी रॅममध्ये उतरते. सुरू व्हायला वेळ लागतो, पण नंतर सगळं रॅममधूनच पळतं. काम मात्र दुसरीकडे सेव्ह करायचं, नाहीतर बंद केल्यावर गेलं.

रोजच वापरायचं असेल तर महागडा पेनड्राइव्ह घेऊ नका. डिस्क बदलता येत असेल तर साटा (लॅपटॉपच्या डिस्कची एक जोडणी) एसएसडी आतच बसवा. स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं असेल तर तीच एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून लावा. केसिंग घेताना यूएएसपी, म्हणजे एका वेळी अनेक हुकूम घेणारी यूएसबीची पद्धत, चालतं का ते विचारा. चालत असेल तर त्याच कमांडच्या ओळीत ड्रायव्हर म्हणून 'यूएएस' दिसतो. 'यूएसबी-स्टोरेज' दिसला तर बदलून मागा.