बोट बंदीत बॅटरी घरी आणताय? आगोटीच्या आधी एवढं नक्की करा

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, कागदावर ६१ दिवस, पण खरं बघितलं तर बरेच जण मे महिन्यातच वारा फिरला की बोट वर घेतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय बोट काढतच नाहीत, आणि अधिक महिना आला की ती पौर्णिमा आणखी पुढे जाते, २०२३ ला ३० ऑगस्टला होती बघा. म्हणजे बोटीची बॅटरी जवळजवळ तीन महिने नुसती पडून असते. आंबावाल्यांचं पण तेच आहे, शेवटची फवारणी झाली की पाठीवरचा बॅटरी पंप जो खुंटीला लागतो तो नवीन पालवीला फवारणी करायची वेळ आली की मगच खाली येतो. कोकणात कित्येक घरात दोन्ही आहे, खाली बोट वर कलमं, म्हणून दोन्हीचं एकत्रच सांगतो.

मुद्दा एकच आहे. बॅटरी काम करून जेवढी खराब होते त्यापेक्षा जास्त ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने खराब होते. आपली नेहमीची बॅटरी शिसं आणि ॲसिडची. ती उतरते तेव्हा आतल्या प्लेटवर एक पांढरट थर धरतो, लगेच चार्ज केली तर तो थर परत विरघळतो, पण तशीच महिनोन्महिने ठेवली की तो कडक होऊन बसतो आणि मग कितीही चार्जिंग लावा, तेवढी प्लेट गेली ती गेली. ऑगस्टमध्ये सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येतो ना, त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या जूनमध्ये चांगल्या असतात हो. म्हणून जीव तुटतो, कारण ऐन हंगामाच्या तोंडावर डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा ॲडव्हान्स एवढा सगळा खर्च उभा असतो आणि त्यात हा नवीन बॅटरीचा खर्च.

बोटीच्या बॅटरीबद्दल परदेशातले जे सल्ले असतात ते सगळे हिवाळ्याचे, तिकडे उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठून डबाच फुटतो. आपल्याकडे ती भीती नाही, आपला त्रास वेगळा, उष्मा आणि खारी ओल. नुसती ठेवलेली बॅटरीसुद्धा आपोआप थोडी थोडी उतरतच असते आणि दर १० डिग्री तापमान वाढलं की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात वरच्या झाकणावर मिठाचा आणि धुळीचा थर असेल तर पावसाळी हवेत तो ओला होतो आणि प्लसपासून मायनसपर्यंत त्याच्यातूनच हळूहळू करंट वाहत राहतो. व्होल्ट मोजायच्या मीटरची एक वायर टर्मिनलला लावा आणि दुसरी नुसती झाकणावरच्या त्या ओल्या मळावर टेकवा, कधीकधी व्होल्ट दाखवतो. एवढं बघितलं की पुसायचं महत्त्व कोणाला सांगावं लागत नाही.

आता काढायचं कसं. बोटीवरचे सगळे स्विच बंद, मग आधी मायनसची वायर सोडायची, मग प्लसची. कारण पाना चुकून इंजिनला टेकला तरी ठिणगी पडत नाही. मोठ्या बोटींवर २४ व्होल्ट असतं, म्हणजे दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, तिथे काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि वायरींना लाल काळी टेप मारा, ऑगस्टच्या घाईत उलटी जोडली तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, जळतो. दोन्ही बॅटऱ्यांवर ऑइल पेंटने १ आणि २ लिहा. त्या घरी आणल्यावर वेगवेगळ्या चार्ज करा, जोडीत एक कमजोर असेल तर अशानेच कळतं, आणि बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम बदला, नवी जुनी जोडी लावली की जुनीमुळे नवी पण लवकर जाते.

काही जण म्हणतात बोटीतच राहू दे, नुसती वायर काढतो. ताडपत्री कितीही चांगली बांधली तरी इंजिन रूममध्ये ओल जातेच, आणि वायर काढायची राहिली तर जीपीएस, व्हीएचएफ वायरलेस, बोट कुठे आहे ते कळवणारा ट्रान्सपॉन्डर यातलं काहीतरी थोडं थोडं खात राहतं. घरी आणणंच बरं. अपवाद फक्त ज्यांच्या बोटी खाडीत नांगरून असतात त्यांचा, हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत जातात तशा. तिथे पाणी उपसायचा पंप चालू पाहिजे, मग एक बॅटरी बोटीत ठेवावीच लागते, पण ती दर आठवड्याला जाऊन बघा, नुसत्या सोलर पॅनलवर विसंबून राहू नका, जुलैमध्ये आठ आठ दिवस ऊन दिसत नाही तिथे पॅनल काय करणार. शक्य असेल तर दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरा, एक पंपाला, एक घरी चार्जिंगला.

घरी आणली की बूचं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने झाकण धुवा, अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा सोडा बास, आत एक थेंब पण जाता कामा नये, सोडा आत गेला तर ॲसिडची ताकद मारतो. मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. टर्मिनलवर हिरवी पांढरी बुरशी असते ती पॉलिश पेपरने काढा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवा.

मग पाणी बघा. प्लेटी उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल वॉटर घाला आणि चार्जिंग लावा, बाकी लेव्हल चार्जिंग पूर्ण झाल्यावर करा, कारण चार्ज होताना पाणी वर चढतं आणि आधीच काठोकाठ भरलं असेल तर ॲसिड बाहेर येतं. विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी चालणार नाही, आणि कोणी कितीही सांगितलं तरी वरून ॲसिड घालू नका, उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

चार्जिंग हळू करा. बॅटरी १०० एएचची (एएच म्हणजे तिच्यात किती साठतं त्याचं माप) असेल तर १० अँपिअर, ८० ची असेल तर ८, याच्यापेक्षा जास्त नको, रात्रभराचं काम आहे. गावात जो चार्जिंगवाला तासाभरात करून देतो तो नाईलाज असेल तेव्हा ठीक, साठवायच्या बॅटरीला ते बरोबर नाही. पूर्ण झाल्यावर चार्जर काढून रात्रभर राहू द्या आणि सकाळी मीटर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धीच. १२ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी समजा, बारा आहे म्हणजे चांगली आहे असं अजिबात नाही, याच गैरसमजात बॅटऱ्या जातात. लगेच मोजू नका, चार्जरवरून काढल्या काढल्या आकडा नेहमी चढाच दिसतो.

चार्जिंग कुठे करता ते फार महत्त्वाचं आहे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो, आणि पावसाळ्यात आपण दारं खिडक्या बंद करून बसतो. देवघराजवळ नको, तिथे समई निरांजन असते. स्वयंपाकघरात नको. पडवी बरी, बिडी सिगारेट लांब ठेवा, आणि चिमटे काढायच्या आधी बोर्डावरचं बटण बंद करा म्हणजे ठिणगी उडणार नाही. ॲसिड डोळ्यात गेलं तर चोळत बसू नका, निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि सरळ डॉक्टर गाठा. पोरं खेळतात तिथे बॅटरी ठेवायचीच नाही.

ठेवायची ती लाकडी फळीवर, भिंतीला न टेकवता, गळणाऱ्या कौलाखाली नाही. लादीवर ठेवली की बॅटरी उतरते असं जुनी माणसं सांगतात, ते जुन्या लाकडी आणि रबरी डब्यांसाठी खरं होतं, आताच्या प्लास्टिक डब्यातून जमिनीत काही जात नाही. तरी फळी घ्याच, कोबा पावसाळ्यात ओला होतो. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक करत नाहीत. दर चार आठवड्यांनी एकदा परत मीटर लावायचा आणि १२.४ ला यायच्या आत चार्ज करायची. तारीख लक्षात राहत नाही तर नक्षत्रांवर ठेवा, मृग लागताना पहिलं चार्जिंग, मधे आर्द्रा सोडा, पुनर्वसूला दुसरं, पुष्य सोडून आश्लेषाला तिसरं, प्रत्येक वेळी साधारण २८ दिवस होतात आणि बोट काढायची वेळ येईपर्यंत बॅटरी तयार. पहिलं चार्जिंग मात्र पाऊस लागायच्या आधीच उरका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे किती दिवस लाईट नव्हती ते इथल्या कोणी विसरलेलं नाही, आणि वादळ नसलं तरी जूनमध्ये झाड पडून लाईन तुटतेच.

लाईट गेली की मग दुसरा प्रकार होतो, बोटीची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला लावली जाते. अडीनडीला एखादा बल्ब, मोबाईल चार्जिंग ठीक आहे, नाही म्हणणार नाही, अंधारात कोण बसेल. पण इंजिन स्टार्ट करायच्या बॅटरीच्या प्लेटी पातळ असतात, एका झटक्यात मोठा करंट द्यायला बनवलेल्या, रात्रभर पंखा चालवायला नाही. इन्व्हर्टर तिला पार तळापर्यंत ओढतो आणि अशा काही रात्री झाल्या की तिची सेल्फ मारायची ताकद जाते. लावलीच तर मीटर १२.२ दाखवायच्या आत काढा आणि लाईट आली की त्याच दिवशी परत भरा, उद्या बघू म्हणू नका.

फवारणी पंपाचं थोडक्यात. त्यात बहुतेक १२ व्होल्टची ८ किंवा १२ एएचची सीलबंद बॅटरी असते, पाणी घालायचा प्रश्न नाही, पण पडून मरते ती बोटीच्या बॅटरीसारखीच. आधी टाकीत साधं पाणी घालून पंप चालवून औषध धुवून टाका, मग फुल चार्ज करा, बॅटरी खोबणीतून बाहेर काढता येत असेल तर काढा, नाहीतर निदान बटण बंद आहे ना ते बघा. महिन्या दोन महिन्यांनी एकदा चार्ज, हिरवी लाईट लागली की चार्जर काढायचा, आठवडाभर लावून ठेवायचा नाही, स्वस्तातल्या चार्जरने सीलबंद बॅटरी फुगते. नवीन पंपात लिथियम येतं त्याचा नियम उलटा आहे, ती फुल भरून ठेवायची नाही, साधारण अर्धी भरून कोरड्या जागी ठेवा, तीन चार महिने काही होत नाही.

घाटावर झटका मशीनची, म्हणजे जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या मशीनची, बॅटरी भात, मका, सोयाबीन निघाल्यावर कुंपण बंद होतं तेव्हापासून पडून राहते आणि तिला तर एप्रिल मेचं ऊन लागतं, पत्र्याच्या शेडमध्ये ती शिजते. घरात सावलीत आणा, बाकी सगळं वरच्यासारखंच.

बोट काढायच्या दहा बारा दिवस आधी बॅटरी बाहेर घ्या, आदल्या दिवशी नको. चार्ज करा, एक रात्र ठेवा, मोजा, १२.६ असेल तर मेकॅनिककडे लोड टेस्ट करून घ्या कारण व्होल्ट ठीक दाखवूनही लोडला बसणाऱ्या बॅटऱ्या असतात. साध्या पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची ताकद मोजायच्या नळीने, सहाही सेल (आतले कप्पे) बघता येतात, पाच सारखे आणि एक फारच खाली असेल तर तो सेल गेला, तिच्यावर भरोसा ठेवून खोल समुद्रात जाऊ नका, तिथे वायरलेस पण त्याच बॅटरीवर असतो. बसवताना आधी प्लस, मग मायनस, काढताना केलं त्याच्या उलट, आणि पट्टा घट्ट.

बदलायचीच झाली तर जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे वजा होतात, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करायची जबाबदारी कंपनीवर आहे. खाडीत किंवा कलमाच्या बुडात ॲसिड ओतून नुसतं शिसं भंगारात विकू नका, ते शिसं मातीतून आणि पाण्यातून फिरून आपल्याच ताटात येतं. नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख दुकानातच बघून घ्या आणि तिथेच त्याचा फोटो काढा, बोटीवर कागद टिकत नाही.