वेबसाइट स्वतः करावी की करून घ्यावी? एका आंबेवालीचा हिशेब

"मे म्हयन्यात हज्जार रुपये डझन कोण घेतलो गो?" सासऱ्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आमच्याच वेबसाइटवर मार्चमधल्या पहिल्या तोडीचा दर अजून झळकत होता. इकडे अढीत फळ पिवळं पडत चाललेलं आणि वेबसाइट करून देणारा मुलगा दोन दिवस फोन उचलत नव्हता.

आमची देवगड तालुक्यात दोनशे कलमं. वाशीच्या दलालाला फाटा देऊन पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट माल द्यायचा, म्हणून अठरा हजार मोजून वेबसाइट करून घेतली होती. दिसायला छान. पण हापूस म्हणून त्याने लालबुंद गालाचा कुठला तरी भलताच आंबा टाकला होता, पासवर्ड त्याच्याकडे आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, तेही त्याच्याच नावावर. पुढच्या वर्षी नवं नाव घ्यावं लागलं. जुनं नाव छापलेले तीनशे खोके पडून होते, त्यांवर आम्ही रात्र रात्र स्टिकर चिकटवले.

म्हणून हल्ली कोणी विचारलं, तर मी आधी बजेट विचारत नाही. म्हणते, वही घ्या आणि वेबसाइटवरची कुठली गोष्ट किती वेळा बदलेल ते लिहा. आमचा दर आठवड्यातून दोनदा बदलतो, शिल्लक माल रोज, फोटो वर्षातून एकदा, बागेची माहिती कधीच नाही. जे सारखं बदलतं ते रात्री दहा वाजताही आपल्या हातून बदलता आलं पाहिजे. एखाद्या सीएच्या किंवा दाताच्या डॉक्टरच्या वेबसाइटवर वर्षभर काही हलत नाही. त्यांनी खुशाल करून घ्यावी.

दुसरं, पहिला सीझन वेबसाइटशिवायच काढून बघा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि गुगलवरची दुकानाची नोंद, दोन्ही फुकट. त्यातून लोक नेमकं काय विचारतात ते कळतं. आम्हाला तीनच प्रश्न येत: कधी मिळेल, कार्बाइडने पिकवलाय का, आणि कापल्यावर साका (आतला पांढरट, खराब गर) निघाला तर? पुढे आमचं मुख्य पान या तीन उत्तरांचंच झालं. चौथी ओळ जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची. 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळालं. ज्याची नोंदणी झाली आहे त्याने आपला क्रमांक ठळक टाकावा. देवगडचा म्हणून कर्नाटकचा आंबा खपवणारे कमी नाहीत. या गोष्टी वेबसाइटवाल्याला सुचणार नाहीत, त्या आपणच लिहून द्यायच्या.

स्वतः करायची ठरवली तर दोन वाटा. विक्स किंवा शॉपिफायसारखी सेवा म्हणजे भाड्याचं घर: पैसे भरा, जागा आणि सुरक्षा त्यांची, पण सोडून जाताना मांडणी सोबत नेता येत नाही. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, घर आपलं. मात्र शाकारायचंही आपणच. अपडेट टाळले की चोर शिरतो. मी भाड्याचं घेतलं, कारण एप्रिल-मेमध्ये मला जेवायला वेळ नसतो. आमचं दुकान तीन महिन्यांचं, तेव्हा वर्षाचे पैसे भरण्याआधी बंद काळात खालच्या प्लॅनवर येता येतं का, तेही पाहिलं.

डोमेन मात्र कोणीही वेबसाइट करो, स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊनच विकत घ्या. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर बघा.

ऑनलाइन पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आपल्या खात्यात पोचवणारा मधला, साधारण दोन टक्के कापतो, वर त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. दीड हजाराच्या खोक्यामागे 35 रुपये 40 पैसे गेले. ते दरात आधीच धरा. परताव्याचे नियम सांगणारं पानही गेटवेला लागतं. आमचा साक्याचा नियम तिथेच आहे: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.

जाणकाराला कधी बोलवावं? अडलेलं काम एका वाक्यात सांगता येईल तेव्हा. मला पिनकोडप्रमाणे वेगळा डिलिव्हरी खर्च लावायचा होता. तीन रात्री घालवल्या, जमलं नाही. कणकवलीच्या एका मुलीला तेवढंच काम दिलं. कागदावर चार ओळी लिहून घेतल्या: सगळी खाती माझ्या ईमेलवर, फोटो आणि मजकूर माझा, बिघडलं तर सीझनमध्ये त्याच दिवशी दुरुस्ती, आणि दोन तास शिकवणं. पैसे दोन हप्त्यांत.

दुसरा हप्ता देण्याआधी मी तिच्यासमोर दर बदलला, 'माल संपला' लावलं, काढलं. मग सासऱ्यांना बसवलं. त्यांना सात मिनिटं लागली आणि डझनाच्या दरात एक शून्य जास्त पडलं. ते त्यांनी स्वतःच शोधून खोडलं, तेव्हा मी पाकीट पुढे केलं.