सेल्फ डिफेन्सचा क्लास लावण्याआधी

कराटे लावू, ज्युदो लावू की क्राव मागा (इस्रायलमधून आलेला स्वसंरक्षणाचा प्रकार)? पुण्यात आमच्या बॅचला चौकशीला येणाऱ्या बहुतेक मुलींचा पहिला प्रश्न हाच असतो. मी आधी ज्युदो शिकले, मग बॉक्सिंग, आणि आता नवख्यांच्या बॅचला सरांच्या हाताखाली मदत करते. माझं उत्तर ठरलेलं आहे: पाटीवर नाव कुठलं आहे ते नंतर बघा, आधी आत काय चालतं ते बघा.

फी भरण्याआधी एक अख्खा तास नुसतं बसून पाहा. चांगले सर त्याला कधीच नाही म्हणत नाहीत. जोडीदार खरंच विरोध करतोय का, यावर नजर ठेवा. मनगट पकडलं तर समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या फटीतून हात काढायचा, हे पाच मिनिटांत कळतं. मैत्रिणीने अलगद धरलं असेल तर हात सुटतोही. पण एखाद्या दणकट मुलाने घामेजल्या मुठीत तोच हात आवळला आणि ओढायला सुरुवात केली, की बहुतेकजणी हात मागे खेचत बसतात. तिथे उलट त्याच्या दिशेने एक पाऊल टाकायचं, कोपर अंगाशी आणायचं आणि कमरेतून वळायचं. हे अंगात मुरायला बरेच आठवडे जातात, आणि ते ओढाताणीतच मुरतं. हवेत ठोसे मारून मुरत नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला. त्यात रांदोरी, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी मोकळी झटापट, हा नेहमीचा सराव असतो. बॉक्सिंगमध्ये तेच काम स्पॅरिंग करतं. म्हणून नवख्यांना मी या दोन गोष्टी आधी सुचवते. ज्युदोत पडायचं कसं, हेही पहिल्यापासून शिकवतात आणि ते गाडीवरून घसरल्यावरसुद्धा कामी येतं. कराटेचे काही क्लास उत्तम आहेत, काही ठिकाणी मात्र काता, म्हणजे एकटीने करायच्या ठरलेल्या हालचाली, आणि बेल्टच्या परीक्षा यांतच वर्षं निघून जातात. या परीक्षांची, म्हणजे ग्रेडिंगची, फी वेगळी असते का, किती असते, हे स्पष्ट विचारून घ्या. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांबद्दल मला मनापासून आदर आहे. दम, नजर आणि पायांची चपळाई त्यातून फार छान येते. फक्त बसमध्ये आपल्या हातात लाठी नसते, एवढं लक्षात असू द्या.

चाकू हिसकावून घ्यायला शिकवतो, अशी जाहिरात दिसली तर मी तिथे जाणार नाही. चाकू दिसला की पर्स टाकायची आणि पळायचं, असं सांगणारे सर मला जास्त विश्वासाचे वाटतात.

ज्याबद्दल फार कमी क्लास बोलतात, ती गोष्ट म्हणजे आवाज. आम्ही मुलींना समोरासमोर उभं करून ‘मागे हो!’ म्हणून ओरडायला लावतो. पहिल्यांदा तोंडातून येतं, ‘अहो, जरा बाजूला व्हाल का?’ कॉलेजात शिकणारी, नोकरी करणारी, कुणीही असो, घशातून आवाज फुटत नाही. लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेलं असतं ना. आवाज मोकळा झाला की उभं राहणंही बदलतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय त्रास देणारा नेहमी अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस नसतो. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, अहवालांनुसार बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसाला ठाम ‘नाही’ म्हणणं हा ठोशापेक्षा अवघड धडा आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी १२ तासांचा एक अभ्यासक्रम घेतला होता. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला विरोध करताना वाटणारा संकोच आणि प्रत्यक्ष प्रतिकार असं सगळं त्यात होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण हे शिकलेल्यांत ५.२ टक्के होतं, तर फक्त माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के. क्लासमध्ये या विषयावर बोलतात का, ते नक्की विचारा.

कायदाही थोडा माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. बचावासाठी गरजेपुरताच बळाचा वापर करता येतो. हल्लेखोर पळायला लागल्यावर त्याच्या मागे धावून मारणं हा बचाव ठरत नाही. सुटका झाली की ११२ ला फोन करा.

सर किंवा ताई अंगाला हात लावण्याआधी विचारतात का, हेही त्या पहिल्या तासात दिसतं. विचारत नसतील तर तिथून उठा. संकोचाने बसून राहू नका.

क्लास ठरला की गुडघा, पाठ, दमा असं काही असेल ते पहिल्याच दिवशी सांगा. नखं कापा, बांगड्या आणि कानातलं घरी ठेवा. सुरुवातीला अंग ठणकेल, दंडावर निळे डागही पडतील. तरी आठवड्यातले दोन दिवस चुकवू नका, आणि जोडीदार दर वेळी बदलून घ्या. एकाच मैत्रिणीबरोबर सराव केला तर तिच्या पकडीची सवय होते.