मृगाआधी मेंढी ओळखा, मगच एडका सोडा

रोहिणी लागली की खान्देशातले कळप परतीच्या वाटेला लागतात. साक्री, शिंदखेड्याकडचे ठेलारी आणि धनगर बांधव दिवाळीनंतर बाहेर पडतात, ते मृगाच्या तोंडावर गावाजवळ येतात. एकदा कपाशीची लागवड सुरू झाली की काळ्या रानात मेंढरांना पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याआधीचे हे आठ-दहा दिवस फार मोलाचे आहेत. या दिवसांत कळपातली एकेक मेंढी हाताखालून घाला, तिची जात ओळखा आणि यंदाचा एडका, म्हणजे पैदाशीचा नर, ठरवा. मेंढी सुमारे १५० दिवस गाभण राहते. मृगात फळलेली मेंढी कार्तिकात विते. तेव्हा रानात बाजरी-ज्वारीची धसकटं आणि भुईमुगाचा पाला असतो, मेंढीला दूध येतं आणि कोकरं जगतात. एडका चुकीचा लागला तर त्याच्या लेकी पुढची पाच-सहा वर्षं आपल्याच कळपात वावरतात.

हे मी भोगलेलं आहे. चार वर्षांपूर्वी एका आठवडे बाजारातून ‘अस्सल माडग्याळ’ म्हणून एक एडका आणला. नाक पोपटासारखं बाकदार, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. पैसेही तसेच मोजले. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या अंगावर दाट लोकर चढली आणि त्याची कोकरं वजनात घरच्या एडक्याच्या कोकरांपुढे गेली नाहीत. शेजारच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या आबांनी त्याच्या खांद्यावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, “तू नाक देखं, लोकर देखी नही.”

म्हणून सुरुवात लोकरीपासून करा. खांद्यामागे दोन बोटांनी केस फाकवा आणि कातडीपर्यंत बघा. लांब राठ केसांच्या मुळाशी मऊ, गुंतलेली लोकर दिसली तर ती दख्खनी किंवा दख्खनीचा संकर. नुसते आखूड, चकचकीत, अंगाला चिकटून बसलेले केस असतील तर केसाळ जातीचं रक्त आहे. नुकत्याच कातरलेल्या जनावरात हा फरक लपतो. असं जनावर बाजारात असेल तर महिनाभर थांबा किंवा मालकाच्या वाड्यावर जाऊन त्याची आई आणि बहिणी बघा.

आपल्याकडच्या कळपांचा पाया दख्खनीचाच. रंग बहुतेक काळा किंवा काळ्यावर पांढरा, पोट आणि पाय जवळजवळ उघडे, कपाळ-नाक थोडं बाकदार, शेपूट आखूड आणि बारीक. लोकर भरड, घोंगडीच्या कामाची. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे तिचे प्रकार मानले जातात. अंगाने लहान असली तरी वैशाखातल्या पंचेचाळीस अंशांत चालण्याचा तिचा दम दुसऱ्या कुणात नाही. हिला ‘गावठी’ म्हणून हिणवणाऱ्यांचं ऐकू नका.

माडग्याळ ही सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली. उंच, लांब मानेची, नाक ठळक बाकदार, पांढऱ्यावर तपकिरी डाग, लोकर जवळजवळ नाही. मांसासाठी वाढ चांगली, पण खाणंही तसंच लागतं. आंध्रची नेल्लोर याहून उंच, केसाळ. तिच्या गळ्याखाली बहुधा दोन लोलक लोंबतात, मादीला शिंगं नसतात.

गुजरात-राजस्थानच्या बाजूने आलेली मेंढी डोक्यावरून आणि कानांवरून कळते. मारवाडीचं तोंड काळं आणि कान बारीक नळीसारखे. पाटणवाडीचं तोंड तपकिरी, नाक बाकदार, कान नळीसारखे आणि टोकाशी केसांचा झुबका. सोनाडीचे कान लांब, चपटे, लोंबते. तपकिरी तोंड दिसलं की सगळ्यांना ‘मारवाडी’ म्हणायची आपली सवय आहे. ती सोडा, कान बघा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली ‘नारी सुवर्णा’ मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. दख्खनीत बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा जनुक आणून ती घडवली आहे. तो जनुक आहे की नाही ते रक्ताच्या तपासणीतच कळतं. कुणी तोंडी सांगून एडका विकत असेल तर घेऊ नका. आणि माझं स्पष्ट मत असं की रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या कळपात जुळ्यांचा हट्ट धरू नये. बांधून, वैरण-खुराक देऊन पाळणाऱ्यालाच ते झेपतं.

जात ठरली की तोंड उघडा. मेंढीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. सगळे लहान, पांढरे, दुधाचे असतील तर वय वर्षाच्या आत. मधले दोन रुंद दात आले की साधारण एक ते दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास, सहा म्हणजे अडीच-तीन, आठ जुळले की साडेतीन-चार. एडका दोनदाती किंवा चारदाती घ्यावा. खालचे दात वरच्या हिरडीवर नीट टेकतात ना, ते बघा. पुढे आलेले किंवा मागे राहिलेले असतील तर तो चरणार कसा? दोन्ही वृषणं सारख्या आकाराची, खाली उतरलेली, हाताला घट्ट लागली पाहिजेत. चारही खुरं उचलून मधली फट बघा. तापीकाठच्या काळ्या चिखलात कमजोर खूर सडायला वेळ लागत नाही. नवापूर, अक्कलकुव्याच्या पावसात तर बाहेरची अवजड मेंढी नेऊच नये.

पंचवीस-तीस माद्यांमागे एक एडका पुरतो. दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जातो. नवा हवा असेल तर चाळीसगाव तालुक्यातल्या बिलाखेडला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथे आधी चौकशी करा. बाहेरून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा.

ओळखताना कळपाचे तीन वाटे करा. चांगल्या, दूध देणाऱ्या दख्खनी माद्यांना दख्खनीच एडका लावा, म्हणजे कळपाचा कणा टिकेल. ज्यांची कोकरं विकायचीच आहेत अशा धडधाकट माद्यांना माडग्याळ चालेल, पण त्यांच्या लेकी पैदाशीला ठेवू नका. दात झिजलेल्या, सड सुजलेल्या किंवा दोनदा रिकाम्या गेलेल्या माद्या पावसाआधीच विका. कानात बारा आकडी बिल्ला असेल तर तो नंबर, जात, दात आणि वाटा वहीत लिहा. बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्या.

हात लावायचाच आहे तर कातरणी आणि जंताचं औषध याच फेरीत उरका. आंत्रविषार आणि घटसर्पाची लस राहिली असेल तर पशुवैद्यकाला विचारून पावसाआधी टोचून घ्या. एडका सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून निवडलेल्या माद्यांना रोज पाव किलो भरडलेली ज्वारी किंवा मका द्या. आमच्याकडे दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी असते, ती चालते. पहिले तीन दिवस मूठभरच द्या आणि मग वाढवत न्या, एकदम दिलं तर पोट फुगतं.