रोबोवॉरमध्ये उतरताय? या चुका टाळा

पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर, म्हणजे रिमोटवरच्या रोबोंची झुंज, बघून आलेली मुलं मला हमखास एकच विचारतात, "दादा, वेपनला कुठली मोटर लावू?" तोवर बॉट (लढणारा रोबो) दहा फूट सरळ धावलेला नसतो, रिसीव्हर (रेडिओचा सिग्नल घेणारा भाग) डबल टेपने चिकटवलेला असतो. म्हणून आधी फेलसेफबद्दल बोलतो.

रेडिओचा सिग्नल तुटला की बॉटने जागच्या जागी थांबायला हवं, हाच फेलसेफ. पण काही रिसीव्हर सेटिंग केलं नसेल तर शेवटची आज्ञाच धरून ठेवतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री आमचा रिसीव्हर जळाला. नवा ट्रान्समीटरशी जोडला (बाइंड केला), चाकं फिरली, सगळे खूश. ड्रम (आमचं वेपन, फिरणारा दातेरी दंडगोल) स्टँडवर फिरवून बघताना मित्राने सवयीने ट्रान्समीटर आधी बंद केला. ड्रम थांबला नाही. हादऱ्याने बॉट स्टँडवरून घसरला आणि टेबलाचा पाय सोलत भिंतीकडे निघाला. पाचही जण बाहेर पळालो, दार ओढून घेतलं आणि बॅटरी उतरेपर्यंत बाहेरच उभे राहिलो. कुणाला लागलं नाही, कारण दार जवळ होतं. एवढंच कारण.

हिशोब करून बघा. २ किलोची, ४० सेंटिमीटर लांबीची वेपनची पट्टी ५००० आरपीएमने फिरते, तेव्हा तिच्या टोकाचा वेग ताशी ३७५ किलोमीटरच्या आसपास असतो. तिच्यात साठवलेली ऊर्जा म्हणजे ६० किलोचा माणूस ६ मीटरवरून पडावा तेवढी. खोलीत उभं राहून "फक्त दोन सेकंद" फिरवायची ही वस्तू नाही.

त्या रात्रीपासून रिसीव्हर बदलला की आणि स्पर्धेच्या दर सकाळी मी वेपनचा बेल्ट काढतो, चाकं हवेत ठेवतो, थ्रॉटल देतो आणि ट्रान्समीटर बंद करतो. सगळं लगेच थांबलं तरच बेल्ट परत चढतो. वेपन अडवून धरणाऱ्या लॉकच्या पिनला लाल कापड बांधलेलं असतं. पिन अरीनात (लढतीच्या बंद आखाड्यात) गेल्यावरच निघते, लढत संपली की आधी तीच बसते. घाई आहे म्हणून ही पायरी गाळणाऱ्या टीमच्या बॉटजवळ मी उभा राहत नाही.

दुसरी चूक तारांची. फटका बसतो पुढच्या चिलखतावर आणि बॉट मरतो आत सुटलेल्या बॅटरीच्या एक्सटी-६० कनेक्टरमुळे. जाड तारेला छोटी सोल्डरिंग गन लावली की वरून चकचकीत दिसतं, आत कच्चं राहतं. मी प्रत्येक जोड हाताने ओढून बघतो, कनेक्टरवर झिप टाय मारतो, मग बॅटरी तोडलेला बॉट गुडघ्याच्या उंचीवरून जुन्या टायरवर सोडतो. आत काही खुळखुळलं की पुन्हा खोलायचा. मुलांना हे क्रूर वाटतं. समोरचा बॉट याहून कितीतरी जोरात आदळणार आहे.

वजन : १५ किलोच्या गटात कागदावर १४.५ च्या वर जाऊ नका, तारा आणि बोल्ट उरलेलं खातात. वजनकाट्याशेजारी चिलखताला भोकं पाडणाऱ्या टीम खूप पाहिल्या.

मोटर माउंटच्या बोल्टला निळं लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद). नेहमी.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली की बाद. चार्जिंग सोडून चहाला जायचं नाही. घरी ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्ट.

वेपनच्या हार्डॉक्सच्या (कणखर पोलादाच्या) तुटलेल्या दाताला वेल्डिंग नको, जोडाशेजारचा भाग मऊ पडतो. दुसरा दात कापून ठेवा.

सरावाचं तर कुणी नावच काढत नाही. वेपन काढून तेवढ्याच वजनाची लोखंडी पट्टी बांधा आणि गच्चीवर रोज अर्धा तास विटांमधून बॉट फिरवा. ड्रम पूर्ण वेगात असताना झटकन वळलात तर जायरोच्या परिणामाने (जोरात फिरणारी वस्तू आपला अक्ष सहज वळू देत नाही) एका बाजूचं चाक उचललं जातं. ते किती उचलतं हे बंद अरीनातच तपासा, तेही लढतीच्या किमान आठवडाभर आधी.