वायफाय जोडलेले, पण नेट बंद : घरच्या संगणकाबाबत या चुका टाळा

आमच्या साताऱ्यात या सगळ्या दुखण्यांना एकच वाक्य पुरते, "नेट चालंना." राउटर बंद पडलेला असो, खांबावरची फायबरची तार तुटलेली असो, महिन्याचे रिचार्ज संपलेले असो किंवा नुसता पासवर्ड चुकलेला असो, तक्रार तीच असते आणि म्हणून उपायही अंदाजानेच केले जातात. वास्तविक घरातल्या जोडणीचे दोन टप्पे असतात. संगणकापासून राउटरपर्यंतचा टप्पा हवेतून, म्हणजे वायफायने पार पडतो. राउटरपासून पुढे सेवा पुरवणाऱ्या कंपनीपर्यंतचा टप्पा बहुधा तारेने. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे न पाहताच कशात तरी हात घालणे, ही मूळ चूक आहे आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्याच राउटरला जोडलेल्या मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे, मात्र त्याआधी फोनचा स्वतःचा डेटा बंद करावा. तो चालू ठेवून चाचणी घेणारे पुष्कळ भेटतात. फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि दोष बिचाऱ्या संगणकाच्या माथी बसतो. फोनवर नेट व्यवस्थित चालत असेल तर बिघाड संगणकात, किंवा संगणक आणि राउटर यांच्यामधल्या हवेत आहे. फोनवरही चालत नसेल तर संगणकाला हात न लावता फायबरची तार घरात जिथे येऊन मिळते त्या डब्यावरचे दिवे पाहावेत. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर असावा आणि ‘एलओएस’ लिहिलेला दिवा बंद असावा. हा दुसरा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर तारेतून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी विंडोज दहा वेळा बंद-चालू करून काहीही साधत नाही. दिवे ठीक असूनही नेट नसेल, तर रिचार्जची तारीख पाहावी. हे सांगताना संकोच वाटतो, पण योजना संपल्यावरही वायफाय ‘जोडलेले’च दिसते, कारण पहिला टप्पा शाबूत असतो.

दिवाळीच्या साफसफाईनंतर किंवा घराला रंग दिल्यानंतर लाल दिवा लागला असेल, तर कपाटामागची तार आधी तपासावी. फायबरची तार म्हणजे विजेची वायर नव्हे. ती काटकोनात दुमडली की आतला प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. तार न तुटताही जोडणी त्यामुळे जाऊ शकते. वळण सैल केल्यावर दिवा पूर्ववत होतो का ते पाहावे. तारेचे टोक काढून त्यात डोकावून मात्र कधीही पाहू नये. त्यातला लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

बारीक छिद्रातले बटण

राउटर बंद करून पुन्हा चालू करणे आणि राउटर ‘रीसेट’ करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत सगळ्यात महागात पडते. पहिल्या कृतीत वीज बंद करून अर्धा मिनिट थांबायचे, पुन्हा चालू करायचे आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे वाट पाहायची. त्याने काही बिघडत नाही. दुसरी कृती पाठीमागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून केली जाते आणि तिने राउटर कारखान्यातून आला होता तसा कोरा होतो. वायफायचे नाव व पासवर्ड तर जातोच. पण अनेक ठिकाणी तंत्रज्ञाने बसवताना भरलेले ग्राहकाचे नाव, गुप्त शब्द आणि जोडणीची इतर माहितीही पुसली जाते. ही चूक मी स्वतः केली आहे. संगणकाची एक किरकोळ अडचण मिटवायला मी टाचणी घेतली, घरातले चालू असलेले सर्व फोनही बंद पाडले, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत दोन दिवस शेजाऱ्यांच्या वायफायवर काढले. तेव्हापासून ही सारी माहिती एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीजवळ चिकटवलेली आहे.

दगडी भिंत, लोखंडी कपाट आणि राउटरची जागा

जुन्या पेठांतल्या घरांत काळ्या दगडाच्या, हातभर किंवा त्याहून जाड भिंती सर्रास आढळतात. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, पण वायफायच्या लहरींना फार जाचक ठरतात. राउटर साधारणपणे लहरींच्या दोन पट्ट्यांवर काम करतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा, २.४ चा तुलनेने सावकाश, पण भिंत ओलांडून दूरवर पोहोचणारा. माडीवरच्या खोलीत संगणक असेल आणि राउटर खाली सोप्यात असेल, तर पाचच्या पट्ट्याचा हट्ट धरून वारंवार तुटणारी जोडणी पदरात पाडून घेण्यापेक्षा २.४ वर समाधानाने राहावे. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असले की संगणक स्वतःच्या मर्जीने निवड करतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये त्यांची नावे वेगळी ठेवणे मला सोयीचे वाटते.

राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा तार तेवढीच पुरली म्हणून दाराशेजारी जमिनीलगत बसवलेला असतो. धातू लहरींना अडवतो आणि परतवतो, पाणी त्या शोषून घेते. म्हणून पत्र्याची खोली, मोठा आरसा, पाण्याचे पिंप आणि लोखंडी फडताळ यांच्या आड तो ठेवू नये. पाच-सहा फूट उंचीवर, घराच्या मध्याच्या शक्य तितक्या जवळ आणि संगणकापर्यंत कमीत कमी भिंती येतील असा तो ठेवावा. फायबरची तार वाढवणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, पण ते एकदाच करावे लागते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. रोज जेवणाच्या वेळीच नेट अडखळत असेल, तर कारण बहुधा तिथे सापडते.

अपार्टमेंटमध्ये अडचण उलटी असते. तिथे भिंती पातळ, पण शेजारचे पंधरा राउटर एकाच पट्ट्यात गर्दी करतात. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल, म्हणजे क्रमांक दिलेले उपभाग, असली, तरी एकमेकांच्या पायात न येणारी नेहमीची तीनच, १, ६ आणि ११. यांपैकी जिथे कमी गर्दी असेल ते निवडावे. १२ किंवा १३ क्रमांक मोकळा दिसला म्हणून तो घेतला, तर काही संगणकांना हे नेटवर्क दिसतच नाही. फोनच्या यादीत घरचे नाव येते आणि संगणकाच्या यादीत येत नाही, याचे हे एक कारण असते.

संगणकाच्या बाजूच्या चुका

टेबलावरच्या संगणकात वायफाय नसल्याने पुष्कळ जण यूएसबीचा छोटा डोंगल घेतात आणि तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खोचून देतात. म्हणजे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पत्र्याची पेटी आणि मध्ये बोटाच्या पेराएवढा अँटेना. शिवाय डोंगल यूएसबी ३.० च्या, बहुधा आतून निळ्या असणाऱ्या खाचेत किंवा तिथे लावलेल्या हार्ड डिस्कला खेटून असेल, तर त्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात मिसळतो. यूएसबीची एक मीटरची वाढीव केबल घेऊन डोंगल टेबलाच्या वर आणला की बराचसा फरक दिसतो. नवा राउटर विकत घेण्याआधी एवढे जरूर करावे.

संगणक वायफायला जोडलेला दिसतो, पण संकेतस्थळ उघडत नाही, अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजमधली आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. येणारा संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने संगणकाला पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. घरचे नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा भरल्यावर हे बहुधा सुधारते. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कधी काळी हाताने भरलेला ठरावीक पत्ता तसाच राहून गेलेलाही आढळतो. तो काढून ‘आपोआप’ हा पर्याय निवडावा. पत्ता बरोबर असल्यास त्याच पडद्यावर ‘डीफॉल्ट गेटवे’पुढे दिसणाऱ्या क्रमांकाला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, ‘पिंग’ करावे, म्हणजे ‘ping’ लिहून पुढे तो क्रमांक द्यावा आणि उत्तर येते का ते पाहावे. उत्तर काही मिलिसेकंदांत आणि न चुकता आले, तर हवेतला टप्पा ठणठणीत आहे. मग ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गुगलच्या पत्त्याला पिंग करून पाहावे. तिथूनही उत्तर येते, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, याचा अर्थ नावाचे क्रमांकात रूपांतर करणारी डीएनएस सेवा अडलेली आहे आणि सेटिंगमध्ये तिचा पत्ता बदलून काम होते.

एक कारण कुणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात आणि तो ‘तुमची जोडणी खाजगी नाही’ असा इशारा देतो. वायफाय, राउटर, फायबर, सारे निर्दोष असताना लोक राउटरला टाचणी लावतात. खालच्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी. सेल किरकोळ किमतीचा असतो.

विंडोजमधला ‘नेटवर्क रीसेट’ हा पर्याय शेवटी वापरावा, कारण साठवलेली सर्व वायफाय नावे, पासवर्ड आणि व्हीपीएनची (ऑफिसच्या नेटवर्कशी वगैरे सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीची) मांडणी त्याने जाते. त्याआधी वायफायच्या उपकरणाच्या गुणधर्मांतील वीजबचतीचा पर्याय पाहावा. वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी तिथे दिलेली असल्यास ती काढावी. संगणक झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होत असेल, तर हाच उपाय बहुधा लागू पडतो.

राउटरचा ॲडॉप्टर बदलताना केवळ पिन बसते म्हणून कोणताही लावू नये. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे, आणि अँपिअर आधीइतके किंवा अधिक हवेत. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा राउटरसाठी स्वतंत्र छोटा यूपीएस घेताना हेच आकडे जुळवून घ्यावेत.

एवढे करूनही नेट आले नाही, तर तक्रार नोंदवताना "नेट चालंना" असे न म्हणता चार गोष्टी सांगाव्यात : डब्यावरचा कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, फोनवर चालते की नाही, गेटवेला पिंग जाते की नाही आणि बिघाड कधीपासून आहे. पलीकडचा माणूस तरीही "राउटर बंद-चालू करा" असेच म्हणणार. ते आपण आधीच केले आहे, हे त्याला वेळेसकट सांगावे.