‘साल्सा’ हे नाव नेमके कोठे वापरावे

एखाद्या लॅटिन अमेरिकी नृत्यगीताला ‘साल्सा’ म्हणण्यापूर्वी ते कोणत्या काळात आणि कोणत्या शहरात ध्वनिमुद्रित झाले हे आधी पाहावे, कारण हे नाव त्या संगीताबरोबर जन्मलेले नाही; ते पुष्कळ उशिरा आणि क्युबाच्या बाहेर रुजले.

स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे सॉस. क्युबाचे इग्नासिओ पिन्येरो यांनी 1930 च्या दशकात ‘एचाले साल्सिता’, म्हणजे ‘जरा सॉस घाल’, हे गाणे रचले. मात्र त्याचा विषय सॉसेज विकणाऱ्याचा होता आणि त्याचा संगीतप्रकार होता ‘सोन’, म्हणजे क्युबाचे जुने नृत्यसंगीत. वादन रंगात आले की वादकांना चेव यावा म्हणूनही हा शब्द पुकारला जाई. तिखटाचा ठसका आपण लावणीला बहाल केला, त्यातलाच हा प्रकार. पुढे अमेरिकेने क्युबावर निर्बंध लादले, तेव्हा न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन आणि इतर कॅरिबियन वादकांनी त्याच क्युबन संगीताला जॅझची आणि ट्रॉम्बोन या पितळी वाद्याच्या कणखर आवाजाची जोड दिली. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी 1964 मध्ये स्थापन केलेल्या ‘फानिया रेकॉर्ड्स’ने 1970 च्या दशकात त्या सगळ्याला ‘साल्सा’ या एकाच नावाखाली जगभर पोहोचवले.

म्हणून हवानातील 1930 च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रणांना ‘सोन’ म्हणावे, 1950 च्या दशकातील मोठ्या वाद्यवृंदांच्या क्युबन वळणाच्या नृत्यसंगीताला ‘माम्बो’, आणि ‘साल्सा’ हा शब्द साधारण 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून न्यूयॉर्क, प्वेर्तो रिको, व्हेनेझुएला व कोलंबिया येथे घडलेल्या संगीतासाठी राखावा. मेरेंगे आणि बचाता हे डॉमिनिकन प्रकार त्यात मिसळू नयेत.

केवळ कानावर विसंबल्यास फसगत होते. आठ मात्रा मोजत पहिलीवर, दुसरी व तिसरी यांच्या बरोबर मध्ये, चौथीवर, सहावीवर आणि सातवीवर टाळी देऊन पाहा. ही ‘क्लावे’, म्हणजे या संगीताच्या ठेक्याची पायाभूत चौकट, सोनमध्येही बसते आणि साल्सातही. ती वंश सांगते, काळ सांगत नाही.

टिटो पुएन्ते यांच्यासारखा न्यूयॉर्कमध्येच वाढलेला वादकसुद्धा सॉस ही खाण्याची वस्तू आहे, असे म्हणत या नावाला हरकत घेई, आणि मला ती हरकत रास्त वाटते, कारण सरसकट वापरलेल्या नावाआड क्युबाचे ऋण झाकले जाते. तरीही शब्द आता रूढ आहे. जुन्या क्युबन गाण्याविषयी लिहिताना तो हवाच असेल, तर ‘सोन, ज्यातून पुढे साल्सा घडला’ असे लिहावे.